प्रोजेक्टर कपाटात का जातो?

जिल्हा परिषदेच्या एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही दिसतो आणि त्यावर शिंप्याकडून मापानं शिवून घेतलेलं कव्हर. प्रोजेक्टर असलाच तर लोखंडी कपाटात, पोषण आहाराच्या वह्यांच्या वरच्या कप्प्यात, त्याच्या मूळ खोक्यासकट. लॅपटॉप सरांच्या घरी, कारण शाळेत रात्री राखण नसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आहे ना, चालू आहे. लावतो अधूनमधून."

यात खरं कोडं पुढेच आहे. हेच शिक्षक दिवसभर मोबाइलवर असतात. पोषण आहाराची नोंद ॲपवर, यू-डायसची माहिती पोर्टलवर, पगारबिल शालार्थ प्रणालीवर. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर दहा वाजता मागितलेली माहिती साडेदहाला गेलेली असते. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ गाणं लावून, नावं टाकून रात्रीतून तयार होतो. तेव्हा "शिक्षकांना तंत्रज्ञान जमत नाही, त्यांना आणखी एक प्रशिक्षण द्या" हे निदान इथे लागू पडत नाही. हातात यंत्र आहे, यंत्र वापरायची सवय आहे, तरी वर्गात खडूच का चालतो?

सहा 'जर' आणि एक तासिका

टीव्हीवर एक पाठ दाखवायचा म्हटलं तर किती गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात, ते मोजून पाहू. त्या वेळेला वीज असावी लागते. यंत्र चालू स्थितीत असावं लागतं. त्या पाठाचं नेमकं साहित्य हाताशी असावं लागतं. तासिकेत त्यासाठी वेळ असावा लागतो. त्या साहित्याचं पुढे काय करायचं हे शिक्षकाला ठाऊक असावं लागतं. आणि मध्येच काही अडलं तर ते सोडवणारं कुणी तरी हवं.

समजा, यातली प्रत्येक गोष्ट दहापैकी नऊ वेळा जमते. ऐकायला छान वाटतं. पण सहाही गोष्टी एकदम जमण्याची शक्यता काढायची तर ०.९ ला ०.९ नं पाच वेळा गुणत जावं लागतं, आणि उत्तर येतं ०.५३. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या वेळी फजिती. प्रत्येक गोष्ट दहापैकी आठ वेळाच जमत असेल, तर हाच आकडा ०.२६ वर येतो. चारदा तयारी करा, एकदा पाठ होईल. खडू आणि फळा मात्र रोज, हमखास चालतात.

पस्तीस मिनिटांची तासिका, समोर चाळीस मुलं, त्यातही एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग. अशा वेळी पावपट खात्रीच्या गोष्टीवर पाठ बेतणारा शिक्षक मला तरी शहाणा वाटणार नाही. कपाटात गेलेला प्रोजेक्टर ही आळसाची खूण आहे असं आपण मानतो. पुष्कळदा ती चोख हिशेबाची खूण असते.

या गुणाकारातून आणखी एक गोष्ट निघते, आणि खरेदीच्या फायलीवर सही करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. या सहा गोष्टी साखळीच्या कड्या धरा. दहापैकी आठ वेळा जमणाऱ्या या सहा कड्यांपैकी एक कडी, समजा यंत्राची, तुम्ही पूर्ण पक्की केलीत. कोरं करकरीत पॅनेल आणलंत. तरी एकूण शक्यता २६ वरून फक्त ३३ टक्क्यांवर जाते. बाकीच्या पाच कड्या जिथल्या तिथे राहतात. गावच्या नळपाणी योजनेत टाकी टोलेजंग बांधली, पण मोटारीचं बिल थकलेलं, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस नेमलेलाच नाही, तर नळाला पाणी येत नाही. तसंच हे.

बडोद्यातले तेच संगणक

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. सन २००० मध्ये गुजरात सरकारनं बडोदे महापालिकेच्या शंभरेक प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. 'प्रथम' ही मुंबईत सुरू झालेली संस्था तिथे काम करत होती. तिच्या पाहणीत आढळलं की प्राथमिकच्या मुलांच्या वाट्याला हे संगणक जवळपास येतच नव्हते. मग नवं यंत्र न आणता बेत बदलला. चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्यात दोन तास: एक शाळेच्या वेळात, एक त्याबाहेर. विषय एकच, गणित. खेळाच्या रूपातली उदाहरणं, मुलाला जमत जाईल तशी अवघड होणारी. सोबत त्याच वस्तीतले, पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले तरुण.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर चाचणी केली; तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितात जी वाढ दिसली ती त्यांच्या मापात ०.४७ होती. हे माप घरगुती भाषेत सांगायचं तर शंभर मुलं गुणांच्या चढत्या क्रमानं उभी करा. बरोबर मधोमध, पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण अडुसष्टाव्या जागी गेलं. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. संगणकाची लस टोचली आणि काम झालं, असं होत नाही.

यानंतरचा गुजरातमधलाच एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. ली लिंडन या अर्थतज्ज्ञानं ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत संगणकावरचा गणिताचा कार्यक्रम दोन तऱ्हांनी चालवून पाहिला. काही शाळांत शिक्षकाच्या तासिकेच्या जागी संगणक, काही शाळांत शाळा सुटल्यावर जादा म्हणून. जादा म्हणून वापरला तिथे मुलांचं गणित सुधारलं. तासिकेच्या जागी वापरला तिथे मुलं मागे पडली, कारण त्या शाळांतलं शिकवणं मुळातच बरं होतं आणि संगणकानं नेमकं तेच हटवलं. यंत्र तसंच, परिणाम उलटा. आपल्याकडच्या योजनांच्या आराखड्यात 'किती शाळांना किती संच' हा तक्ता असतो. 'कुठल्या वेळेच्या बदल्यात' हा रकाना मला अजून दिसलेला नाही.

पेरू देशानं तर मोठी उडी घेतली होती. खेड्यातल्या शाळांत मुलामागे एक लॅपटॉप वाटला. २०१२ मध्ये आलेल्या मूल्यमापनात गणितात आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. शिकवण्याचा बेत वाटपासोबत गेला नव्हता.

चंद्रकला: एक पाठ जवळून

'शिकवण्याचा बेत' म्हणजे काय, हे एका पाठावरून पाहू. चंद्रकला घ्या. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी हे शब्द आपल्या मुलांना कॅलेंडरवरून, उपासावरून, बैलपोळ्यावरून माहीत असतात. पण "चंद्र अर्धा का दिसतो?" असं विचारलं की वर्गातल्या निम्म्याअधिक हातांतून एकच उत्तर येतं: पृथ्वीची सावली पडते म्हणून. मोठ्या माणसांनाही विचारून पाहा. हे उत्तर चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त ग्रहणात. एरवी चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग कायमच उजळलेला असतो. पृथ्वीवरून त्या उजळ भागाचा किती हिस्सा आपल्याकडे वळलेला दिसतो, त्यावर कला ठरते.

फळ्यावर हे समजावणं अवघड जातं, कारण मुलाला दोन जागांवरून एकाच वेळी बघावं लागतं: अंगणातून वर, आणि अंतराळातून खाली. इथे चलचित्र खरोखर उपयोगी पडतं. एका बाजूला फिरणारा चंद्र, दुसऱ्या बाजूला त्याच क्षणी अंगणातून दिसणारी कोर. हे खडूला जमत नाही.

पण नुसतं चार मिनिटांचं चलचित्र लावून दिलं तर मुलं ते पाहतात, "भारी!" म्हणतात आणि सावलीचं उत्तर घेऊनच घरी जातात. कारण जुनी समजूत कुणी छेडलेलीच नसते. तयारीचा शिक्षक आधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घेतो. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये येतो तिथे चलचित्र थांबवतो आणि विचारतो: "आता अंगणातून चंद्र कसा दिसेल?" उत्तरं येऊ देतो. मग पुढे चालवतो. त्यानंतर टीव्ही बंद करून खिडक्या लावतो, एक बल्ब पेटवतो आणि प्रत्येक मुलाला हातात चेंडू धरून स्वतःभोवती फिरायला लावतो. चेंडूवरची कोर मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. चलचित्राला चार मिनिटं, आणि त्याच्या आगेमागे पंचवीस.

यात शिक्षकाला तीन निरनिराळ्या गोष्टी माहीत असाव्या लागल्या: चंद्रकलांचा विषय, मुलांची नेमकी गफलत कुठे होते ती जागा, आणि चलचित्र कुठे थांबवायचं ते. तेव्हा मिशिगन स्टेट विद्यापीठात असलेल्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट हेच सांगते. आशय, अध्यापन आणि तंत्र यांचं ज्ञान सुटं सुटं असून भागत नाही. तिन्ही एकमेकांत मुरलेलं, त्या पाठापुरतं ज्ञान लागतं. 'प्रोजेक्टर कसा जोडावा' हे एका दुपारी शिकवता येतं. 'चंद्रकलेत चलचित्र कुठे थांबवावं' हे प्रत्येक पाठागणिक वेगळं असतं. आपली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या प्रकारची असतात.

प्रशिक्षण वरून खाली येताना

महाराष्ट्रातल्या शिक्षकांची एक पिढी एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम करून बसली आहे. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडत होती, म्हणून वयाच्या पन्नाशीतल्या गुरुजींनीही माऊस धरायला शिकून परीक्षा दिली. त्याचा उपयोग झालाच नाही असं नाही; आजची पोर्टलं भरली जातात ती त्या पायावर. पण त्या अभ्यासक्रमात भागाकार कसा शिकवावा हे कुठून असणार?

नंतरची प्रशिक्षणं बहुतेक पायरी-पायरीनं खाली उतरणारी. राज्य पातळीवर काही जण तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, ते तालुक्याच्या, ते केंद्राच्या शिक्षकांना. पुन्हा गुणाकार करा. प्रत्येक पायरीला सत्तर टक्के माल शाबूत उतरला असं धरलं, तरी चौथ्या पायरीवर, म्हणजे वर्गात, चोवीस टक्के उरतो. आणि गळतं ते नेमकं काय? स्लाइड शेवटपर्यंत तशीच पोचते. गळते ती मधली चर्चा: "असं का केलं, मुलं अडली तर काय करायचं." एखाद्या तालुक्याच्या प्रशिक्षणाला बसलेल्यांनी हे पाहिलं असेल. सकाळी सही, मग प्लगच्या दोन बोर्डांभोवती चार्जरची गर्दी, मग लिंक उघडत नाही म्हणून पाऊण तास, जेवण, आणि शेवटी गटावर फोटो. सुलभक बिचारा दोन दिवसांपूर्वी स्वतः शिकलेला असतो.

सरकारचा 'दीक्षा' हा ऑनलाइन शैक्षणिक मंच २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झाल्यापासून आणि 'निष्ठा' हे शिक्षकांचं प्रशिक्षण २०२० मध्ये ऑनलाइन आल्यापासून पायऱ्यांची गळती टळली. एकच चांगली चित्रफीत राज्यातल्या प्रत्येक शिक्षकापर्यंत जशीच्या तशी जाते. पण अडचणीनं रूप बदललं. मोबाइल बाजूला ठेवून चित्रफीत चालू ठेवायची आणि शेवटची प्रश्नावली गटावर आलेल्या उत्तरांनी सोडवायची, ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. तास भरणं आणि शिकणं यांत अंतर राहतंच.

मग चालतं काय? दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात या प्रश्नाची नीट चाचणी झाली. सगळ्या शिक्षकांना वाचन शिकवण्याचे तेच पाठ-आराखडे आणि तेच साहित्य दिलं. काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून दोन-दोन दिवसांची शिबिरं. काही शाळांत दरमहा एक अनुभवी मार्गदर्शक वर्गात येऊन बसणार, पाठ बघणार, कधी स्वतः घेऊन दाखवणार. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या मुलांची वाचनातली प्रगती पहिल्या गटाच्या साधारण दुप्पट भरली. त्याच देशात पुढे दुसऱ्या एका प्रांतात मार्गदर्शक टॅब्लेट-फोनवरून जोडून पाहिला. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष भेटीइतकाच परिणाम दिसला, पण तीन वर्षांनी प्रत्यक्ष येणारा मार्गदर्शक स्पष्टपणे पुढे होता.

केनियातला एक प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे. किसुमू भागात काही शाळांत मुलांना ई-वाचक यंत्रं दिली, काही शाळांत शिक्षकांना टॅब्लेट दिले, आणि काही ठिकाणी फक्त शाळांना भेटी देणाऱ्या पर्यवेक्षकांना टॅब्लेट दिले. म्हणजे आपल्या केंद्रप्रमुखांसारख्या माणसांना. तिन्हीकडे मुलांचं वाचन सुधारलं आणि तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर, कारण पर्यवेक्षकाच्या बाबतीत कित्येक शाळांमागे एकच यंत्र! नंतर केनियानं देशभर राबवलेल्या 'तुसोमे' कार्यक्रमात हाच मार्ग घेतला. पर्यवेक्षक वर्गात बसून टॅब्लेटवर निरीक्षण नोंदवायचा, दोन-तीन मुलांचं वाचन ऐकायचा, आणि भेट त्या शाळेतच झाली याची नोंद यंत्रात झाली की त्याला प्रवासभत्ता मिळायचा. आपले केंद्रप्रमुख बैठका, माहितीचे तक्ते आणि तपासण्या यांत बुडालेले असतात, आणि पुष्कळ केंद्रांत ते पदच रिकामं किंवा प्रभारी. सगळ्यात स्वस्त कडी आपण सगळ्यात दुबळी ठेवली आहे.

पाच वर्षांनंतरचं यंत्र

देखभालीचा मुद्दा रटाळ वाटतो म्हणून तो नेहमी शेवटी येतो. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या शाळांसाठीच्या केंद्रीय संगणक योजनेखाली अनेक राज्यांनी कंपन्यांशी करार केले: कंपनीनं प्रयोगशाळा उभारायची, चालवायची, निदेशक नेमायचा आणि ठरावीक मुदतीनं, साधारण पाच वर्षांनी, सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. कागदावर चोख. पण जुळणी कशी होते पाहा. संगणकाच्या दुरुस्त्या सुरू होतात त्याच वयात तो शाळेकडे येतो, आणि कराराबरोबर निदेशकही जातो. खर्च येतो तेव्हा माणूस नसतो. यात कुणी लबाडी करायची गरजच नाही. प्रयोगशाळेला लागणारं कुलूप योजनेच्या रचनेतच आहे.

याउलट ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्यासारख्या शाळा गाजल्या, त्यांत लोकवर्गणीचा वाटा होता. गावानं पैसे घातले की बंद पडलेल्या यंत्राची चौकशी गावच करतं. पण हा मंत्र सगळीकडे चालेल असं मानू नये. उत्साही शिक्षकाची बदली झाली की अशा कित्येक शाळांची चमक सहा महिन्यांत उतरते. आणि ज्या वाडीत वर्गणी जमणंच कठीण, तिथल्या मुलांनी काय करायचं?

> चौकट: खरेदीच्या आधीची चौकशी
>
> वीजबिल कुठल्या निधीतून भरणार? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं एकत्रित अनुदान वर्षाला दहा हजार रुपये ठरलेलं आहे. त्यातच खडू, झाडू, डागडुजी आणि बिल.
>
> इन्व्हर्टर घेतला तर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण भरणार? तीन-चार वर्षांनी नवी बॅटरी कुठून?
>
> इंटरनेट नसेल तर साहित्य कसं येणार? दीक्षावरचं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. ते कुणी, कुठे, कधी उतरवायचं हे ठरलं आहे का?
>
> यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत असणार की वर्गात? खोलीत असेल तर मुलं उठवून नेण्यात तासिकेचा चौथा हिस्सा जातो.
>
> बिघडल्यावर फोन कुणाला? त्या माणसाचं गाव किती लांब?
>
> आणि पहिल्या सत्रातले कुठले दहा पाठ यावर घेणार? ही यादी शिक्षकांकडे नसेल, तर खरेदी एक वर्ष पुढे ढकललेली बरी.

साध्या गोष्टीची ताकद

गुणाकाराच्या नियमाचा एक सुखद पैलूही आहे. ज्या साधनाला कड्या कमी, ते टिकतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले, ते याच कारणानं चालले. पालकाच्या खिशातला फोन, हातातलं पुस्तक, आणि साहित्य त्याच पाठाचं. शोधाशोध नाही, वेगळी खोली नाही. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड छापून येऊ लागले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. वृत्तपत्रांत पुरस्काराची रक्कम गाजली. मला त्यातलं नियोजन जास्त मोलाचं वाटतं: सहा कड्यांच्या जागी तीन.

म्हणून एखाद्या केंद्राला पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा असेल तर सुरुवात यंत्रांच्या यादीपासून करू नये. केंद्रातल्या शिक्षकांनी आधी ठरवावं की कुठले पाठ दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जातात. अपूर्णांकांची तुलना, चंद्रकला, नकाशातलं प्रमाण, अशी पाच-सहा नावं अर्ध्या तासात निघतात. त्यातल्या कुठल्या पाठात चित्र हलल्यानं किंवा आवाज ऐकल्यानं खरोखर फरक पडेल, ते निवडावं. बाकीच्यांना खडू पुरेसा आहे, हे मोकळेपणानं म्हणावं.

मग केंद्राची दर महिन्याची शिक्षण परिषद आहेच. परिपत्रकं वाचून दाखवण्याचं काम गटावर होऊ शकतं. वाचलेल्या वेळात ज्या शाळेत परिषद असेल तिथल्या खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर एका शिक्षिकेनं निवडलेला पाठ घ्यावा आणि बाकीच्यांनी मागे बसून बघावं. टीव्ही मध्येच बंद पडला तर उत्तमच. बाईंनी पुढे काय केलं तेही सगळ्यांना दिसेल. नंतर चर्चा एवढ्यावरच: चलचित्र कुठे थांबवलं, कुठलं मूल गोंधळलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. पुढच्या महिन्याभरात ज्यांनी तो पाठ आपल्या वर्गात घेऊन पाहिला त्यांनी मुलांच्या वह्या घेऊन यावं. फोटो नकोत, वह्याच. कारण सावलीचं उत्तर पुसलं गेलं की नाही, हे वहीतच कळतं.